ज्या वर्षी सीतादही उशिरा झाली

आमच्या भागात कापूस वेचायला सुरुवात करण्याआधी शेतात सीतादही करतात. फार मोठा सोहळा नसतो. धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या एखाद्या भरदार पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, जागा साफ करायची, सीतामायच्या नावानं चार खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि पहिल्या बोंडाचा कापूस बोटांनी वळून त्याचा दोरा झाडाला गुंडाळायचा. मग वेचणाऱ्या सगळ्या जणी हात जोडतात, दहीभात खातात आणि आपापल्या पाती, वेचायच्या ओळी, धरून कामाला लागतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे करते आहे. झाडलोट, स्वयंपाक, खताची पोती उतरवून घेणं, तसंच हेही. भक्तीनं करतेस का, असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि मीही त्याचा विचार केला नव्हता.

एका वर्षी मात्र मी सीतादही टाळली. ऐन वेचणीच्या दिवसात आभाळ भरून आलं होतं. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो, मग व्यापारी त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही. माझे यजमान बाभुळगावला जिनिंग कारखान्यात नोकरीला, शेत सगळं माझ्याकडे. मी वेचणाऱ्या बायकांच्या टोळीला सांगितलं, आधी वेचून घ्या, पूजा पुढच्या आठवड्यात करू. पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच वर्षी बोंडअळी आली. बोंड वरून हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. दुसऱ्या वेचणीला शेतात हात घालावासा वाटत नव्हता. उभ्या पिकावर नांगर फिरवणारे लोक मी त्या वर्षी पाहिले.

असं काही झालं की माणसं कारण शोधतात. कुणी बियाण्याला बोल लावला, कुणी फवारणीला, कुणी आभाळाला. माझ्या शेतात वेचायला येणाऱ्या बायकांनी कारण माझ्यातच शोधलं. या बाईनं सीतादही केली नाही.

टोळीची म्होरकी एक म्हातारी होती. तिला सगळे मोठीमाय म्हणत, मीही म्हणायचे. बारीक अंगाची, आवाज मात्र दोन शेतं ओलांडून जाईल असा. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी ती माझ्या अंगणात येऊन बसली. पाणी दिलं, ते प्यायली नाही. म्हणजे भांडायला आली होती.

"यंदा सीतादही झाल्याबिगर आमी पातीत पाय टाकणार नाही," ती म्हणाली.

"करू ना. मी कुठं नाही म्हणलं?"

"'नाही' तं तू मागच्या सालीबी म्हणलं नाही. पण केलीबी नाही."

"आभाळ आलतं मोठीमाय. अन् ज्याईनं केली त्याईच्या वावरातबी अळी आलीच ना?"

"त्याईच्यातबी कोनीतरी चुकलंच असन."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी पाण्याचा तांब्या पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"अन् आयकून घे," ती म्हणाली. "सगळ्याईनं हात जोडाचे. एकबी बाई बाजूले उभी राहून मजा पाह्यणार नाही. मागं कोनी जोडत होतं, कोनी नव्हतं, मी मान वर करून पाह्यलं नाही. यंदा पाह्यणार हाओ मी."

"भाभीचं काय?"

भाभी म्हणजे टोळीतली सगळ्यात नवी बाई. बाभुळगावच्या मुसलमान वस्तीतली. तिचा नवरा पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करायचा. त्या वर्षांत विहिरींना पाणी नव्हतं आणि ज्यांच्या विहिरीला होतं त्यांच्या हातात मोटार दुरुस्त करायला पैसा नव्हता. दुकान दिवसभर उघडं आणि रिकामं. म्हणून बोंडअळीच्या वर्षी ती पहिल्यांदा वेचायला आली. त्या वर्षी सीतादही झालीच नाही, त्यामुळे तिच्यासमोर हा प्रश्न आला नव्हता. आता येणार होता.

"भाभी काय आसमानातून पडली?" मोठीमाय म्हणाली. "जिच्या हातानं कापूस घरात येते तिनं सीतामायले हात जोडले तं काय झिजन? आमी नाही जात दर्ग्यावर? मी सोता डोकं टेकतो तिथं."

"अन् ती नाही म्हणली तं?"

"तं तिनं दुसरी टोळी पाहावी."

एवढं बोलून तिनं तांब्या उचलला आणि गटागटा पाणी प्यायली. तिच्या बाजूनं विषय संपला होता.

रात्री जेवताना मी यजमानांना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता तोडगा काढला. "तिले सांग, त्या दिवशी उशिरा ये म्हणा. पूजा झाली का मंग ये. झगडा नाही, काही नाही."

मला तो पटला. मला भांडण नको होतं, कापूस हवा होता. बाजाराच्या दिवशी मी बाभुळगावला गेले तेव्हा तिच्या घरी गेले. दुकानाच्या मागंच दोन खोल्या. सासू दारात बसून सुपात तूरडाळ पाखडत होती. भाभीनं चहा टाकला. मी सरळ विषयाला हात घातला. मोठीमाय काय म्हणाली ते सांगितलं, यजमानांचा तोडगाही सांगितला.

ती काही बोलायच्या आत सासू बोलली. "मैं तो कबसे बोल रही हूँ. उस रोज घर में रह. बुखार आया बोल देना."

माझा नवरा आणि तिची सासू, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं आणि सल्ला एकच दिला होता. मला हसू आलं. भाभीला नाही आलं.

"अम्मा, एक साल बुखार आणला तं दर साली त्याच दिवशी आणा लागन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वैनी, मी येईन. सगळ्याईच्या संगंच येईन. तुमी पूजा करा, मी बाजूला उभी राहीन. हात जोडणार नाही. नैवेद्याचंबी खाणार नाही. आमच्यात अल्लाच्या शिवाय कोनापुढं हात जोडत नाहीत. हे मी तिथं सोता सांगीन. उगाच दुसऱ्याच्या तोंडून जायले नको."

"अन् मोठीमायनं काढलं तं?"

"तं काढन."

तिनं हे सहज म्हटलं, पण सहज नव्हतं. दुसऱ्या टोळ्या आधीच भरलेल्या होत्या, आणि एका टोळीतून पूजेवरून काढलेल्या बाईला दुसरी टोळी घेत नाही. हे तिला माहीत होतं, मलाही. तो हंगाम गेला असता तर त्या घरात चूल कशावर पेटली असती हे मला विचारायचं नव्हतं. दुकान समोरच दिसत होतं.

मी म्हणाले, "तू काळजी नको करू. मी मोठीमायले सांगतो ना. पूर्ण टोळीत तुह्याएवढा हात कोनाचा चालत नाही. तिलेबी माहीत हाय ते."

भाभीनं कप खाली ठेवला. "ते नका सांगू वैनी."

"काहून?"

"मी हळू वेचत असतो तं? तं मंग मले हात जोडा लागले असते काय?"

मी चहा संपवला आणि निघाले. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्या एका प्रश्नावर विचार करत राहिले आणि मला स्वतःचाच थोडा राग आला. मी तिची बाजू घेतेय असं समजत होते, आणि प्रत्यक्षात तिचा भाव सांगत होते.

वेचणीचा पहिला दिवस ठरला तेव्हा आकाश निरभ्र होतं. त्या दिवशी सकाळी उठले तर ढग. दक्षिणेकडून, महागावच्या बाजूनं, काळं काळं वर येत होतं. सगळं शेत पांढरं झालेलं. मी दहीभात कालवला, हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून घेतला आणि टोळीच्या आधी शेतात पोचले. भरदार पऱ्हाटी पाहून ठेवली होती. तिच्याखालची माती हातानं सारखी केली, खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं. पहिल्या बोंडाचा दोरा वळून ठेवला. एवढ्यात ऑटो आला आणि बायका उतरल्या. मोठीमाय पुढे, भाभी सगळ्यात मागे.

मोठीमाय खड्यांसमोर उकिडवी बसली. बाकीच्या तिच्या मागे अर्धवर्तुळात. ती दोरा उचलणार तोच भाभी बोलली.

"मोठीमाय, मले सांगाचं हाय. तुमी दोरा बांधाच्या आधी."

"सांग."

भाभीनं मला घरी सांगितलं होतं तेच सांगितलं. शब्द बदलले नाहीत, आवाज चढवला नाही. मी उभी राहीन, हात जोडणार नाही, नैवेद्याचं खाणार नाही. चालत असेल तर पाती धरीन, नाही तर हाच ऑटो परत जातोय, त्यात बसून जाईन.

ऑटोवाला तंबाखू मळता मळता थांबला.

"आमी दर्ग्यावर डोकं टेकतो," मोठीमाय म्हणाली. हेच तिचं सगळ्यात मोठं हत्यार होतं.

"मोठीमाय, मी तं तिथंबी टेकत नाही," भाभी म्हणाली. "आमच्या घरचे दर्ग्याले जात नाहीत. त्याच्यावरूनबी आमच्या मोहल्ल्यात बोलणी खातो."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. मोठीमायनं मागे वळून पाहिलं आणि हसू बंद झालं. तिनं दोरा खाली ठेवला, उठली आणि धुऱ्यावर जाऊन बसली. "मंग नाही होत सीतादही," ती म्हणाली.

टोळीतली एक ठेंगणी बाई, नेहमी घाईत असणारी, माझ्या कानाशी आली. "वैनी, आभाळ पाहा. आधी वेचून घेऊ. पूजेचं मंग पाहू."

बरोबर हेच मी मागच्या वर्षी म्हणाले होते, शब्दाला शब्द. मी वर पाहिलं. अजून वेळ होता, पण फार नव्हता. वेचणी सुरू केली असती तर भाभीचा प्रश्न मागे पडला असता, आणि मागे पडलेला प्रश्न संध्याकाळी ऑटोत बसताना कुणीतरी तिच्या कानात सांगून मिटवला असता. उद्यापासून नको येऊ. तेवढंच, एक शब्द जास्त नाही. मला हे स्वच्छ दिसत होतं.

"नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "बसा सगळ्या. ऑटोवाले भाऊ, तुमीबी थांबा. ठरल्याबिगर कोनी पातीत जाणार नाही."

"अन् कापूस?" ठेंगणी म्हणाली.

"माहा कापूस हाय. भिजला तं माहा भिजन."

मोठीमायनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला पहिल्यांदा पाहत होती. मी तिच्या शेजारी धुऱ्यावर बसले. बाकीच्या समोर बसल्या. भाभी उभीच होती, तिलाही बस म्हणाले.

मी शाळेतली बाई नाही आणि कीर्तनकारही नाही. मी सरळ एकच विचारलं. "जोडाचे म्हणता ना, तं जोडणाऱ्याईनं सांगा. काहून जोडता?"

"हे काय इचारणं झालं?" मोठीमाय म्हणाली.

"भाभीनं सांगतलं ती काहून जोडत नाही. आपण सांगू काहून जोडतो."

ठेंगणीनं लगेच सांगितलं. तिला लवकर संपवायचं होतं. "मी सापासाठी जोडतो. पऱ्हाटीत साप असते. हात जोडले का भेव जाते."

"साप जाते का?" कुणीतरी विचारलं.

"साप नाही जात. भेव जाते म्हणलं ना."

मोठीमायच्या पुतण्याची बायको, नवी सून, मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. मोठीमायनं तिला कोपर मारलं. "तू सांग."

"काय?"

"हात काहून जोडते?"

"तुमीच तं सांगतलं, जोड म्हणून."

आता सगळ्या हसल्या, भाभीसुद्धा. मोठीमाय माझ्याकडे वळली. "अन् तू? लय इचारून राह्यली. तू काहून जोडते?"

मी विचार केला. खोटं बोलायची ती जागा नव्हती. "आमच्या सासूबाईनं सांगतलं म्हून. अन् खरं सांगू का, तुमी वावरात यावं म्हून. सीतादही नाही केली तं तुमी येत नाही."

"म्हणजे तू माह्यासाठी जोडते, सीतामायसाठी नाही!"

"तसंच समज."

"हत् तुही!" ती म्हणाली, पण तिच्या आवाजातला ताठा थोडा उतरला होता.

मग ती बोलली, जिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मोठीमायची किती तरी वर्षांची जोडीदारीण, टोळीत कायम तिच्या शेजारची पात धरणारी. ही बाई बौद्ध. तिच्या बापानं दीक्षा घेतलेली. कमी बोलणारी, मान खाली घालून काम करणारी.

"मी तं जोडतच नाही," ती म्हणाली.

"काय जोडत नाही?" मोठीमायला कळलं नाही.

"हात. कधीच नाही जोडले. तुमी सगळ्या हात जोडता तेव्हा मी ओटी बांधतो."

ओटी म्हणजे कापूस टाकायला कमरेला बांधतात ते जुन्या लुगड्याचं फडकं. पातीत शिरायच्या आधी प्रत्येकीला ती बांधावीच लागते, आणि बांधताना दोन्ही हात मागे गाठीत गुंतलेले असतात. मला एकदम आठवलं. दर वर्षी पूजेच्या वेळी ती पाठीमागे गाठ मारत उभी असायची. मी पाहिलं होतं, आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं.

"दर साली?" मोठीमाय म्हणाली.

"दर साली."

"ज्या साली कापूस इतका झाला का घरात ठेवाले जागा नव्हती, त्या सालीबी?"

"त्या सालीबी ओटीच बांधली."

मोठीमायचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अळीचं सगळं गणित तिनं वर्षभर मांडून ठेवलं होतं, ते तिच्या शेजारच्या पातीतूनच ढासळलं होतं. पण तिला राग त्याचा नव्हता आला.

"इतके साल माह्या बाजूले उभी राहून मले फसवलं तू!"

"फसवलं कायले मोठीमाय? तुमी कधी इचारलं नाही."

"अन् तू सांगतलं नाही!"

"सांगतलं असतं तं आज भाभीले म्हणलं तेच मले तेव्हाच म्हणलं असतं. दुसरी टोळी पाय म्हणून."

मोठीमायनं मान खाली घातली. तिच्यासारखी बाई गप्प बसली की आसपासच्यांना कामाची आठवण होते. कुणी पदर सारखा केला, कुणी ऑटोकडे पाहिलं. ढग आता डोक्यावर आले होते आणि वारा पडला होता. मला वाटलं, ती स्वतः हात का जोडते याचं उत्तर तिच्याकडूनच यायला हवं.

"माही माय मुकी नव्हती," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, मातीकडे पाहत. "पण घरात बोले नाही. बापाच्या भेवानं. मी लहानी होतो तेव्हा तिच्या संग वेचाले ये. सालभरात एकच दिवस ती मोठ्यानं बोले. सीतादहीच्या दिवशी. सीतामायले म्हणे, हात भरून दे, पोरीईले सुखात ठेव. लय मोठा आवाज होता तिचा. मले नवल वाटे. म्हून जोडतो मी."

मग म्हणाली, "अळीचं मले काय माहीत. पण काहीतरी तं धरा लागते ना मनात."

भाभी आता मोठीमायच्या समोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"मोठीमाय, मी हे मोडाले नाही आलो. तुमी तुमच्या मायसारखं मोठ्यानं बोला, मी आयकीन. पण मी हात जोडले तं ते खोटे जोडन. तुमच्या मायच्या जागी खोटं कायले आणाचं?"

"अन् कामाले लागाच्या आधी तू काहीच म्हणणार नाही?"

"म्हणतो. बिस्मिल्लाह म्हणतो. अल्लाच्या नावानं सुरू करतो म्हणून."

मोठीमायचा चेहरा उजळला. तिला वाट सापडल्यासारखं वाटलं. "म्हणजे तूबी पूजाच करते! नाव येगळं, तेवढंच."

कुणीही इथे हो म्हणून सुटून गेलं असतं. मी तर नक्कीच गेले असते. मला वाटलं, हो म्हण बाई, मिटलं एकदाचं.

"नाही मोठीमाय," भाभी म्हणाली. "ते येगळं हाय अन् हे येगळं हाय."

"लय चिवट हेस वं तू!"

"तुमच्या टोळीतली हाओ ना."

मोठीमाय तिच्याकडे पाहत राहिली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि दहीभाताच्या डबीपाशी गेली. झाकण काढलं. धुऱ्यावरच्या पळसाची पानं तोडली, त्यांतल्या दोन पानांवर दहीभात वाढला, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि ती दोन पानं पूजेपासून लांब, पाण्याच्या घागरीशेजारी नेऊन ठेवली. नैवेद्य अजून दाखवलेला नव्हता.

"हे तुमचं दोघीईचं," ती म्हणाली. "हे कोनाले दाखवलं नाही. नुसतं अन्न हाय. खासान का हेबी नाही?"

"खाईन," भाभी म्हणाली.

मोठीमाय मग आपल्या जोडीदारणीकडे वळली, आणि तिच्या आवाजात पुन्हा धार आली. "अन् तू. ओटीचं सोंग यापुढं चालणार नाही. हात जोडाचे नसन तं सरळ उभी राहाय. भाभीसारखी. मले दिसली पाह्यजे."

"बरं."

"दोन दिवस बोलणार नाही मी तुह्याशी."

"बरं," ती म्हणाली आणि हातातली ओटी घडी करून बाजूला ठेवली.

सीतादही झाली. दोरा पऱ्हाटीला गुंडाळताना मोठीमाय मोठ्यानं बोलली, तिची माय बोलायची तेच. आम्ही हात जोडले. ठेंगणीनं घाईनं, नव्या सुनेनं मोबाईल कंबरेला खोचून. मी जोडले तेव्हा पहिल्यांदा मला आपण काय करतोय याची जाणीव होती, आणि ती फार सुखाची नव्हती, कारण कशासाठी याचं उत्तर माझ्याकडे अजूनही धडसं नव्हतं. त्या दोघी घागरीपाशी सरळ उभ्या होत्या. बौद्ध बाईला हातांचं काय करावं ते कळेना. तिनं ते आधी बाजूला सोडले, मग पाठीमागे बांधले, मग पुन्हा सोडले.

दहीभात खाऊन बायका पातीत शिरल्या. भाभीनं पहिल्या बोंडाला हात लावताना ओठ हलवले. मोठीमायनं शेजारून पाहिलं आणि आपल्या पातीत वाकली.

पाऊस दुपारी आला. जोराचा नाही, पण कापसाला तेवढाही पुरतो. निम्मं शेत वेचून झालं होतं, उरलेलं भिजलं. आम्ही गाठोडी ताडपत्रीखाली ओढली आणि ऑटोत दाटीवाटीनं बसून राहिलो. यजमानांनी संध्याकाळी विचारलं, ढग दिसत होते तर सकाळी काय करत बसल्या होत्या? मी म्हणाले, बोलत बसलो होतो. त्यांनी पुढे विचारलं नाही. जिनिंगमध्ये ओला कापूस किती येतो ते त्यांना माहीत होतं, आणि मी उगाच बसणारी बाई नाही हेही.

मोठीमाय दोन दिवस तिच्या जोडीदारणीशी बोलली नाही, शब्दाची पक्की होती. पात मात्र बदलली नाही. तिसऱ्या दिवशी दोघींचं कशावरून तरी भांडण झालं आणि मग सगळं नेहमीसारखं चालू झालं.

त्या वर्षी पीक बेताचंच आलं. अळी काही ठिकाणी दिसली, काही ठिकाणी नाही. माझ्या शेतात थोडी होती. मी वाट पाहत होते की कुणीतरी घागरीजवळ उभ्या राहिलेल्या दोघींचं नाव काढेल. ठेंगणीनं एकदा काढायला तोंड उघडलं होतं. मोठीमाय तिला म्हणाली, "तुहा साप तं गेला नाही ना अजून? मंग गप राह्य."

पुढच्या दिवाळीच्या आधी ती पुन्हा माझ्या अंगणात आली. या वेळी पाणी आल्या आल्या प्यायली.

"यंदा वावरात दहीभात जरा जास्त आणजो," ती म्हणाली. "पूजेच्या आधी काढाचाबी असते ना."

"दोघींसाठीच ना?"

"दोघीच. नवी सून म्हणे, मलेबी सरळ उभं राहाचं हाय, मले काही वाटत नाही म्हणे. मी म्हणलं, तुले वाटत नाही ते मोबाईलमुळं. तू माह्या घरची हेस, तुले जोडा लागते."

"हे बरोबर नाही मोठीमाय. तिलेबी इचारा लागन."

"मंग इचार तू. धुऱ्यावर बसून." ती उठली आणि पदर खोचला. "पण आभाळ नसन त्या दिवशी."